दीड टन, पण किती तापमानाला?

नाशिककरांना आपल्या हवेचा जुना अभिमान आहे, आणि थंडीत निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या वाचताना तो खराही वाटतो. मात्र एप्रिल-मे महिन्यांत शहराचा पारा चाळिशीला टेकतो, तर जिल्ह्यातल्याच मालेगावात तो बेचाळीस-त्रेचाळीसच्याही पुढे जातो. अशा दिवसांत एसी घ्यायला निघालेला ग्राहक दुकानात दोनच गोष्टी विचारतो: किती टनांचा आणि किती स्टारचा. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण त्यांच्या उत्तरांमागे बाहेरचे एक तापमान गृहीत धरलेले असते आणि ते सहसा कोणी सांगत नाही.

एक टन म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची क्षमता. वॅटमध्ये ती ३,५१७ च्या आसपास भरते. या हिशेबाने दीड टन म्हणजे सुमारे ५,२७५ वॅट व्हायला हवेत, पण दीड टन म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक एसींच्या स्टार लेबलवर ४,८०० ते ५,१०० वॅट एवढीच क्षमता छापलेली आढळते. ‘दीड टन’ हा आता बाजारातला एक ढोबळ गट झाला आहे, त्यामुळे दोन यंत्रांची तुलना करताना टन सोडून वॅट वाचावेत हे बरे.

हे वॅटसुद्धा मोजले जातात ते बाहेर ३५ अंश आणि खोलीत २७ अंश सेल्सियस असताना. आयएसओ ५१५१ या आंतरराष्ट्रीय मानकात या चाचणीला टी-१ म्हणतात. त्याच मानकात अतिउष्ण प्रदेशांसाठी टी-३ नावाची वेगळी चाचणी आहे आणि तिच्यात बाहेरचे तापमान ४६ अंश धरतात; आखाती देशांत एसी विकताना या चाचणीचे आकडेही पाहिले जातात. आपल्याकडच्या लेबलवर टी-३ चा आकडा नसतो, पण अनेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात ४३, ४६ किंवा ४८ अंशांना किती क्षमता उरते आणि यंत्र कमाल किती तापमानापर्यंत चालते, हे दिलेले असते. माझ्या मते मे महिन्यासाठी एसी निवडताना हा सर्वांत कामाचा आकडा आहे, आणि तो न देणाऱ्या मॉडेलबद्दल दुकानदाराला खोदून विचारायला हरकत नाही.

क्षमता घटते ती का? एसी थंडावा निर्माण करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या कॉइलचे तापमान दहा अंशांच्या आसपास असते, तर बाहेरच्या कॉइलला, म्हणजे कंडेन्सरला, उष्णता हवेत सोडता यावी म्हणून बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त तापावे लागते. विहिरीतले पाणी खोल गेले की मोटार वीज जास्त खाते आणि पाणी मात्र कमी देते, तसेच इथे होते. बाहेर ३५ अंश असताना कंडेन्सर ५० अंशांवर चालतो असे धरले, तर उष्मागतिकीच्या नियमानुसार एक एकक विजेत जास्तीत जास्त सुमारे ७.१ एकके उष्णता उचलता येते. बाहेर ४५ आणि कंडेन्सर ६० अंशांवर गेला की हीच मर्यादा ५.७ च्या खाली येते. प्रत्यक्षातले कोणतेही यंत्र या आदर्श आकड्यांपासून बरेच दूर असते, पण बाहेरचा पारा दहा अंशांनी चढल्यावर सुमारे एक पंचमांश लाभ जातो, ही घसरण त्यालाही चुकत नाही. तेही नेमके खोलीला थंडाव्याची सर्वाधिक गरज असते त्या वेळी.

इथे एसीतल्या गॅसचाही संबंध येतो. उष्णता वाहून नेणारा तोच, आतल्या कॉइलमध्ये तो वाफ होतो आणि कंडेन्सरमध्ये पुन्हा द्रव. प्रत्येक गॅसला एक क्रांतिक तापमान असते. त्या तापमानाच्या वर कितीही दाब दिला तरी गॅस द्रव होत नाही आणि त्या तापमानाजवळ पोहोचू लागताच द्रव होताना सोडली जाणारी सुप्त उष्णता झपाट्याने कमी होते. आर-४१०ए या गॅसचे क्रांतिक तापमान सुमारे ७१ अंश आहे, आर-३२ चे सुमारे ७८, तर आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, सुमारे ९७ अंशांपर्यंत टिकतो. साठ अंशांवर चालणाऱ्या कंडेन्सरमध्ये आर-४१०ए का कमी पडू लागतो, हे यावरून कळावे. सध्याच्या नव्या एसींत बहुतेक ठिकाणी आर-३२ असतो. हवेत सुटल्यास पृथ्वी तापवण्याची त्याची क्षमता (कार्बन डायऑक्साइडची १ धरून) ६७५, म्हणजे आर-४१०ए च्या २,०८८ च्या एक तृतीयांश आहे. तो सौम्य ज्वलनशील आहे, प्रोपेन तर चांगलाच ज्वलनशील, त्यामुळे अशा यंत्राला हात लावणारा मेकॅनिक त्या गॅसचे प्रशिक्षण घेतलेला असावा.

गॅस कोणताही असो, मोठा कंडेन्सर हाच उन्हाळ्यातला खरा आधार. सारख्या क्षमतेच्या दोन एसींत ज्याचे आऊटडोअर युनिट आकाराने मोठे आणि जड, तो कडक उन्हात सहसा कमी दमतो, कारण जास्त पृष्ठभागावरून उष्णता सोडताना कॉइलला फार तापावे लागत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर असल्याने इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ आहे आणि पंख्यातून जाणारी हवाही वजनाने तितकीच कमी भरते, हा मुद्दा लहान असला तरी मोठ्या कंडेन्सरच्याच बाजूचा आहे.

वेधशाळा तापमान मोजते ते सावलीत, हवेशीर पेटीत. तुमच्या आऊटडोअर युनिटला मिळणारी हवा तशी असतेच असे नाही. नव्या इमारतींत दर्शनी भाग देखणा दिसावा म्हणून ही युनिटे अरुंद डक्टमध्ये एकावर एक बसवतात आणि समोर आडव्या पट्ट्यांची जाळी लावतात. युनिट मागून आणि बाजूने हवा ओढते आणि समोर फेकते. ती गरम हवा पट्ट्यांवर आपटून पुन्हा मागे वळते, शिवाय खालच्या मजल्यांची गरम हवा वर चढून वरच्याच्या वाट्याला येते. दुपारी चारच्या सुमारास, सुरू असलेल्या युनिटच्या मागे, जिथून हवा आत जाते तिथे, साधा थर्मामीटर टांगून पाहावा. बातमीतल्या तापमानापेक्षा तो बराच वर दिसला, तर दोष यंत्राचा नसून जागेचा आहे आणि अर्धा टन वाढवण्यापेक्षा जाळीच्या पट्ट्या काढणे किंवा युनिट गच्चीवर मोकळ्या जागी नेणे अधिक उपयोगी. सावलीसाठी छप्पर करायचे तर तेही हवेची वाट अडवणार नाही इतके उंच हवे.

खोलीसाठी किती क्षमता लागेल, हे केवळ चौरस फुटांवर ठरत नाही. सर्वांत वरच्या मजल्यावरचा, दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता संध्याकाळी उशिरापर्यंत आत सोडत राहतो आणि पश्चिमेची भिंत त्यात भर घालते. गच्चीला उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप दिला आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा केला, तर दोन टनांची गरज दीड टनावर येऊ शकते. शिवाय आपला मे महिना कोरडा असतो, म्हणजे एसीची बरीचशी शक्ती वाफेचे पाणी करण्यात न जाता हवा थंड करण्यात जाते. याच कोरडेपणामुळे आपल्याकडे वाळ्याचा कूलरही मेअखेरपर्यंत छान चालतो. जूनमध्ये पावसाळी दमटपणा आला की मात्र त्याचा जोर संपतो.

स्टारचे गणित थोडे वेगळे आहे. लेबलवरची विजेची वार्षिक युनिटे १,६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. समजा, पाच स्टार आणि तीन स्टारमध्ये लेबलनुसार २५० युनिटांचा फरक आहे. नाशिकच्या घरात एसी वर्षाला सातशे तासच चालत असेल तर प्रत्यक्ष बचत ११० युनिटांच्या आसपास राहील, मालेगावच्या दुकानात ती बरीच जास्त असेल. इन्व्हर्टर एसी, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरची गती कमी-जास्त करणारा, मात्र दोन्हीकडे घ्यावा. भर दुपारी तो पूर्ण वेगाने चालतो, त्यामुळे तेव्हा फारशी बचत होत नाही, पण नाशिकच्या रात्री निवतात आणि त्या वेळी मंद गतीने चालणारा कॉम्प्रेसर वीज वाचवतो.

एवढे पाहून घेतलेला एसी बसवताना बिघडवणे सोपे आहे. तांब्याच्या नळ्या जोडल्यावर त्यांतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढावी लागते. आत राहिलेली हवा कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, ती तिथेच जागा अडवून दाब वाढवते, आणि बाहेर ४२ अंश असताना आधीच ताणावर असलेल्या कॉम्प्रेसरला तो वाढीव दाब जड जातो. म्हणून मेकॅनिकजवळ व्हॅक्यूम पंप आहे का, हे काम सुरू होण्याआधीच विचारावे; थोडा गॅस सोडून नळ्या साफ करतो, असे तो म्हणाला तर काम तिथेच थांबवून पंप मागवावा.