फेस न धरणारी फेणी

काजूचा मोसम संपत आला होता. फोंड्याकडचे एक ओळखीचे गृहस्थ संध्याकाळी घरी आले. पिशवीतून फेणीची बाटली निघाली, मला वाटलं भेट आणली असेल. त्यांनी ती टेबलावर ठेवली, पुन्हा उचलून जोरात हलवली आणि म्हणाले, "बघा सर." मी बघितलं, काहीच झालं नाही. "तेच तर! फेस कुठं आहे?"

गोव्यात एवढं समजायला प्रयोगशाळा लागत नाही. कसदार फेणी हलवली की वर मण्यांसारखे बुडबुडे धरते. तिचं नावसुद्धा त्या फेणावरूनच पडलं म्हणतात. पाणी मिसळलं की मणी टिकत नाहीत. या बाटलीतली फेणी काढून कुणीतरी आधीच्या पातळीपर्यंत अगदी मोजून पाणी भरलं होतं. घरात माणसं तीन, त्यातला एक सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला.

पण गृहस्थांना काळजी बाटलीची नव्हतीच. त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "हणजूण-वागातोरकडचं काही नसेल ना?"

बत्तीस वर्षं हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवताना हा प्रश्न मी किती पालकांकडून ऐकला असेन! आमच्याकडे नशा म्हटलं की डोळ्यांपुढं हणजूण-वागातोरची किनारपट्टी आणि तिथले ड्रग्ज येतात. फ्रिजमधली हुर्राकची, म्हणजे फेणीच्या आधीच्या, काजूरसाच्या पहिल्या धारेच्या दारूची बाटली त्यात धरलीच जात नाही. केंद्र सरकारसाठी 'एम्स'नं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू घेतात असं आढळलं. गोव्याचा आकडा होता २८ टक्के, जवळजवळ दुप्पट. गोव्यात दारूसाठी कायद्याचं वय २१ आहे, पण घरातल्या कपाटाला कायदा कोण विचारतो?

आता थोडं डोक्याच्या आत जाऊ. किशोरवयात मेंदूची मोठी दुरुस्ती चाललेली असते. न वापरलेले जोड छाटले जातात, वापरातल्या तंतूंवर चरबीचं आवरण चढतं. मजा आणि बक्षीस ओळखणारी यंत्रणा आधीच जोरात आलेली असते, तर कपाळामागचा, थांबून विचार करणारा भाग पंचविशीच्या आसपास पुरा होतो. २००५ साली अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ देऊन हे तपासलं. सिग्नल पिवळा झाल्यावर गाडी किती दामटायची ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. दोस्त बघत असले की १३ ते १६ वर्षांची मुलं एकट्यानं खेळताना घेत त्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत. प्रौढांना मात्र सोबतीनं विशेष फरक पडला नाही. म्हणजे 'आमचा मुलगा तसा नाही' हे आईबाबांचं म्हणणं खरं असतं, पण ते घरातल्या, एकट्या मुलाबद्दल.

दारूच्या बाबतीत आणखी एक फसवी गोष्ट आहे. मुलांना दारू पाजून प्रयोग करता येत नाहीत, त्यामुळे ती उंदरांवरून कळली. किशोरवयीन उंदीर प्रौढ उंदरांच्या मानानं दारूनं कमी झोकांड्या खातात, कमी पेंगतात. पण पाण्याखाली लपवलेला चौथरा लक्षात ठेवायची परीक्षा घेतली की तेच जास्त चुकतात. 'पुरे आता' सांगणारा इशारा या वयात बोथट असतो आणि आठवण साठवणाऱ्या भागावर मात्र घाव जास्त बसतो. लिंबू, मीठ, चिरलेली मिरची आणि लिम्का घालून हुर्राक प्यायलेला मुलगा सरळ चालत घरी येतो आणि त्यालाही वाटतं, आपल्याला चढतच नाही. पण त्या सरबतातल्या हुर्राकमध्ये मुळात साधारण १५ टक्के दारू असते, साध्या बिअरच्या दुपटीहून जास्त.

"बाहेर जाऊन पिण्यापेक्षा घरी आपल्यासमोर घेतलेली बरी" हे वाक्य आमच्याकडे शहाणपणाचं समजलं जातं. मलाही पूर्वी पटायचं. ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलं आणि त्यांचे पालक यांचा सहा वर्षं माग ठेवला गेला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष आले. घरून दारू मिळाल्यानं मुलं सांभाळून प्यायला शिकली असं कुठंच दिसलं नाही. उलट त्यांना बाहेरून दारू मिळण्याची शक्यता वाढलेली होती. लवकर सुरुवात करणाऱ्यांत पुढं व्यसन जास्त दिसतं, हेही जुनंच निरीक्षण आहे. त्यातला काही वाटा आनुवंशिकतेचा आणि घरच्या वातावरणाचा असतो, सगळा दोष पहिल्या घोटावर टाकता येत नाही.

ओळखायचं कसं? लाल डोळे, अचानक वाढलेला डिओडरंटचा वास, पाकिटातल्या नोटा कमी होणं, जुने मित्र तुटणं, ही यादी सगळ्यांना पाठ असते. पण उशिरा झोपणं, खोली लावून बसणं, तुसडेपणा हे नुसतं वयसुद्धा असू शकतं. या वयात शरीराचं झोपेचं घड्याळच पुढं सरकतं. एका खुणेवरून काही ठरत नाही. चार-सहा आठवड्यांत तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या, फुटबॉल सुटला, मार्क घसरले, खोटं बोलणं वाढलं, तर विचारायला हवं. त्याच खुणा नैराश्याच्याही असतात, म्हणून विचारताना उत्तर आधीच ठरवून जाऊ नये. पंक्चरचं सोल्यूशन किंवा व्हाइटनर यांचा वास आणि ओठांभोवती पुरळ दिसली तर मात्र थांबू नका. वरच्याच पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला की जो मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त होता.

मेडिकलमधून किट आणून लघवी तपासायची कल्पना गृहस्थांनीही काढली होती. मी त्यांना विचारलं, आदल्या दिवशी घरात शागुती, म्हणजे खसखस वाटून केलेला कोंबडीचा रस्सा, झाली होती का? खसखस भरपूर खाल्ली तर लघवीत मॉर्फिनचा, म्हणजे अफूतल्या द्रव्याचा, अंश सापडू शकतो. याउलट दारू साध्या किटमधून बहुधा निसटते, कारण काही तासांतच शरीरातून जाते. आणि खरा निकाल आला तरी 'का' ते कळत नाहीच, वर मुलगा तोंडाला कुलूप लावून बसतो.

दटावण्यानं काय होतं याची चाचणी १९९३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी घेतली. समुपदेशक जितका अंगावर जाई, तितका समोरचा माणूस वर्षानंतरही जास्त पीत असे. ती प्रौढ माणसं होती. सोळाव्या वर्षी तर वाद घालणं हाच अर्धा दिनक्रम! उलट बाजूचा पुरावा आपल्याच गोव्यात आहे. 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांकडून दारू पिणाऱ्या पुरुषांशी फार तर चार बैठकी बोलून घेतलं. तीन महिन्यांनी सुधारलेल्यांचं प्रमाण ३६ टक्के होतं, नेहमीच्या उपचारांवर २६.

तेव्हा प्यायलेल्या रात्री बोलू नका, सकाळी बोला. फक्त प्यायलेला मुलगा हलवून उठत नसेल, श्वास फार मंद असेल, झोपेत उलटी होत असेल, तर त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करा. लिंबूपाणी, कॉफी, गार पाणी यांत वेळ घालवू नका. एरवी १४४१६ या 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर किंवा बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत विचारता येतं. तिथं गेलं म्हणजे पोलिसांकडं गेलं, हा समज उगाच आहे.

गृहस्थ बाटली तशीच घेऊन गेले. आठ दिवसांनी फोन आला. सकाळी, मुलाला मोटरसायकलवरून म्हापशाला नेताना, बाबांनी पुढं बघतच विचारलं होतं, पहिल्यांदा कधी घेतलीस रे? डोळ्याला डोळा नसला की मुलं बोलतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"पाचवीत म्हणे. सर्दी झाली होती, तेव्हा आजीनं कोमट पाण्यातून दिली होती. मीच बाटली काढून दिली होती, सर."