आधी आई दाखवा, मग कागद: कुत्र्याचे पिल्लू विकत घेण्यामागचा इतिहास

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ठाण्यातील तीन हात नाक्याजवळ, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीतून, बिस्किटांच्या खोक्यात ठेवलेले लॅब्रेडॉरचे पिल्लू आम्ही घरी आणले. विकणाऱ्याने त्याचे वय पंचेचाळीस दिवस सांगितले होते. लसीकरणाच्या पुस्तिकेत लशीच्या बाटलीवरचे लेबल चिकटवलेले होते, पण त्याखाली पशुवैद्याची सही नव्हती की शिक्का नव्हता. चौथ्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले, पाचव्या दिवशी त्याला रक्ताची हगवण लागली आणि सलाइन लावूनही सातव्या दिवशी ते गेले. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचे निदान करताना डॉक्टरांनी विचारले होते, "याची आई पाहिली होती का?" आई पाहिलेली नव्हती, आणि ती कोठे आहे हे विचारण्याचेही आम्हाला सुचले नव्हते. शेळी किंवा म्हैस घेताना कोणीही सहज विचारील असा हा प्रश्न कुत्र्याच्या बाबतीत मागे कसा पडला, हे समजून घेण्यासाठी या व्यवहाराचा इतिहास पाहावा लागतो.

जातिवंत कुत्रा ही आजची कल्पना प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये घडली. १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, १८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि कोणत्या कुत्र्याचे आईबाप कोण याची नोंदवही ठेवली जाऊ लागली. तोवर कुत्र्याची पारख त्याच्या कामावरून होत असे; प्रदर्शनाच्या रिंगणात ती कान, शेपूट, रंग आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून होऊ लागली. नोंदवहीमुळे वंश शुद्ध राहिला, परंतु त्या वहीत बाहेरचे रक्त येणे बंद झाल्याने जवळच्या नात्यातील जोड्या लावणे सोयीचे आणि पुढे नेहमीचे झाले. भारतातील केनेल क्लब, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया (केसीआय), आपली परंपरा १८९६ पासून सांगतो. ज्याला आपण "केसीआयचे कागद" म्हणतो, त्याचे मूळ या इंग्रजी नोंदवहीत आहे. तो कागद पिल्लाचा वंश सांगतो; पिल्लाच्या फुप्फुसांबद्दल, खुब्याच्या सांध्याबद्दल किंवा आतड्यांबद्दल त्यात काही नसते, आणि त्याची मूळ रचनाही त्यासाठी नव्हती.

ठाण्यातील जुनी माणसे जर्मन शेफर्डला अजूनही अल्सेशियन म्हणतात, त्यामागे हीच नोंदवही आहे. पहिल्या महायुद्धानंतर "जर्मन" हा शब्द नकोसा झालेल्या ब्रिटिशांनी या जातीचे नाव बदलले आणि तेथील क्लबने मूळ नाव परत स्वीकारायला १९७७ साल उजाडले. नौपाड्यातील बंगल्यांत आणि पुढे वागळे इस्टेटमधील कारखान्यांच्या फाटकांवर राखणीला असलेला कुत्रा बहुधा हाच. त्या काळी पिल्लू ओळखीतून मिळत असे. कोणाची कुत्री व्याली आहे हे आळीला ठाऊक असे, डोळे उघडण्याआधीच पिल्ले पाहून झालेली असत आणि आई त्याच ओट्यावर बसलेली असे. पैदास करणारा, म्हणजे ब्रीडर, चांगला की वाईट, हा प्रश्न तेव्हा स्वतंत्रपणे पडत नव्हता, कारण त्याचे उत्तर शेजारपाजारी आपोआप मिळत होते. ज्याला ओळखीतून मिळत नसे, तो मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या किंवा कुर्ल्याच्या बाजाराची वाट धरीत असे. तेथे पिंजऱ्यात पिल्ले असत, पण त्यांच्या आया नसत.

शहर वाढले तशी ही ओळख तुटली. घोडबंदर रस्त्यावर मनोरे उभे राहिले, नवी मुंबईत वाशीपासून खारघरपर्यंत वसाहती भरल्या आणि ज्या घरांत पूर्वी कधीच कुत्रा नव्हता, त्या घरांत तो येऊ लागला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर स्फोटके शोधणाऱ्या मुंबई पोलिसांच्या जंजीर या कुत्र्यामुळे लॅब्रेडॉर हे नाव घरोघरी पोचले होते. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे जाणारा पग दिसला आणि पगची मागणी देशभर वाढली. मागणी वाढवणे जाहिरातीला जमते. निरोगी कुत्री मात्र वर्षातून दोनदाच माजावर येते आणि सुमारे त्रेसष्ट दिवसांनी विते. ही तफावत ज्यांनी भरून काढली, त्यांनी ती कुत्र्यांच्या शरीरातूनच भरून काढली. प्रत्येक माजाला जोडी लावायची, पिल्ले महिन्याची झाली की मध्यस्थाकडे द्यायची आणि मध्यस्थाने ती फोनवर फोटो पाठवून विकायची, अशी ती साखळी बसली. आमचे पिल्लू याच साखळीतून आले होते.

पगची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्या हवेत ती अधिक बोचते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. चेहरा पिढ्यानपिढ्या चपटा करत नेला, तरी टाळूचा मऊ भाग त्या प्रमाणात लहान होत नाही आणि तो श्वासाच्या वाटेत लोंबतो. मे महिन्यातील ठाण्याच्या दमट दुपारी तलावपाळीला एक फेरी मारून आलेला पग घोरल्यासारखा आवाज काढतो, तेव्हा अनेकांना ते गोड वाटते. प्रत्यक्षात त्याची हवेसाठी ओढाताण चाललेली असते. ब्रिटनमध्ये २००८ साली बीबीसीने या प्रकारच्या पैदाशीवर टीका करणारा माहितीपट दाखवल्यावर मोठा वाद झाला आणि पुढच्याच वर्षी तेथील केनेल क्लबने आई व मुलगा, बाप व मुलगी किंवा सख्खी भावंडे यांच्या जोडीतून झालेल्या पिल्लांची नोंदणी नाकारण्याचे ठरवले. मोठ्या जातींमधील खुब्याच्या सांध्याच्या विकाराकडे त्याआधीच लक्ष गेले होते. एक्स-रे तपासून सांध्यांची प्रत ठरवणारी संस्था अमेरिकेत १९६६ मध्ये स्थापन झाली, आणि दोन वर्षांचे झाल्याशिवाय कुत्र्याला ती अंतिम दाखला देत नाही. म्हणून लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड घेणाऱ्याने पिल्लाच्या सांध्यांची हमी मागण्यात अर्थ नसतो. त्याच्या आईबापांचे एक्स-रे मागावेत. हस्कीविषयी फार लिहीत नाही. बर्फाळ प्रदेशासाठी घडलेला प्राणी खाडीकाठच्या गावात आणावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू घेऊ नये, या सल्ल्यामागेही असाच इतिहास आहे. अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो प्रसिद्ध केला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान पिल्लू आपल्या जातभाईंशी आणि माणसांशी कसे वागावे हे शिकते, असे त्यातून दिसले. चावा किती जोरात घ्यावा हे त्याला भावंडे शिकवतात. चावलेले भावंड केकाटले की खेळ थांबतो. दुसरे कारण पार्व्होचे. हा विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पहिले काही आठवडे पिल्लाला वाचवते, पण तीच शक्ती लशीलाही निकामी करते. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरावीक अंतराने लस पुन्हा द्यावी लागते, आणि एका लेबलावर विसंबून चालत नाही. विकणाऱ्याला मात्र तीस-पस्तीस दिवसांचे पिल्लू सोयीचे असते: ते सर्वांत गोजिरे दिसते, नुकतेच खाऊ लागल्याने त्याच्या खुराकाचा आणि लशीचा खर्च पुढच्या माणसावर जातो.

कायदा या सगळ्यात उशिरा आला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा असला, तरी पैदाशीसाठी स्वतंत्र देशव्यापी नियम त्यात नव्हते. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६१ व्या अहवालात पाळीव प्राण्यांची दुकाने आणि कुत्र्यांची पैदास यांवर नियमनाची गरज मांडली, २०१६ मध्ये व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्री आयात करण्यावर निर्बंध आले आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने श्वान पैदास व विपणन नियम काढले. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, कुत्री अठरा महिन्यांची होण्यापूर्वी आणि आठ वर्षांनंतर तिच्यापासून पिल्ले घेऊ नयेत, वर्षातून एकच आणि आयुष्यात पाचच वेत घ्यावेत, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये आणि विक्रीपूर्वी मायक्रोचिप (कातडीखाली बसणारी, ओळख क्रमांक असलेली चिप) बसवावी, असे त्यांत आहे. ब्रीडरच्या व्याख्येत मध्यस्थ आणि व्यापारीही येतात, म्हणजे डिकीतून पिल्लू काढून देणारा गृहस्थही सुटत नाही. "एकदा तरी तिला आई होऊ द्यावी" म्हणून घरच्या कुत्रीचे वेत घेऊन पिल्ले विकणाऱ्यांना मात्र आपण या नियमांच्या जवळपास आहोत, याचा सहसा पत्ताच नसतो.

तीन हात नाक्याच्या त्या अनुभवानंतर दोन वर्षांनी आम्ही पनवेलच्या बाजूला एका घरी गेलो. नोंदणीचा दाखला दारातच लावलेला होता. बूट बाहेर काढून, पाय जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून आत जावे लागले. आई जमिनीवर आडवी पडली होती, तिची स्तने ओघळलेली होती आणि अंगावरचे केस विरळ झाले होते. पिल्लांना पाजणारी कुत्री अशीच दिसते. पिल्लांशेजारी तुकतुकीत, बांधेसूद कुत्री दाखवली गेली तर ती आई नसण्याचीच शक्यता जास्त. अनोळखी माणसे पाहून ही आई उठली, हुंगून परत जाऊन पडली. सहा पिल्ले होती. जेवल्यानंतरही पोट नगाऱ्यासारखे ताणलेले नव्हते, तेव्हा जंतांचे औषध वेळेवर दिले गेले असावे. डोळ्यांत चिपाड नव्हते, कानांना कुबट वास नव्हता, शेपटीखालची जागा स्वच्छ होती. कोपऱ्यात एकटे बसणारे पिल्लू मुलीला आवडले होते, पण मालकीणबाईंनीच ते देण्यास नकार दिला. त्याचे वजन दोन दिवस वाढलेले नव्हते आणि वजनांची वही त्यांनी समोर ठेवली.

त्यांचे प्रश्न आमच्या प्रश्नांहून अधिक होते. दिवसा घरी कोण असते, सोसायटीत लिफ्टवरून वाद आहेत का, पावसाळ्यात गच्चीवर पाणी साठते का, लेप्टोस्पायरोसिसची लस घेणार का. पिल्लू सांभाळणे जमले नाही तर ते दुसऱ्याला न देता त्यांनाच परत करायचे, असे त्यांनी लिहून घेतले. पिल्ले तेव्हा पाच आठवड्यांची होती, म्हणून आम्ही रिकाम्या हातानेच परतलो. पाचव्या रविवारी पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी पिल्लाच्या खांद्यांमधून स्कॅनर फिरवला आणि पंधरा आकडे मोठ्याने वाचले. मी कागदावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवत गेलो आणि तोवर पिल्लाने माझ्या बुटाची नाडी सोडवली होती.