उंची वाढवणाऱ्या बाई

चौथी-पाचवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाई मुलांची उंची वाढवू शकतात का? प्रश्न खुळचट आहे, पण चार अमेरिकन संशोधकांनी २०१९ मध्ये तो न्यूयॉर्क शहरातल्या शाळांची आकडेवारी घेऊन रीतसर तपासला. शिक्षकांचं काम जोखायला मुलांच्या गुणांना जे सूत्र लावतात, तेच त्यांनी मुलांच्या उंचीला लावलं. सूत्र म्हणालं, हो, वाढवतात! काही शिक्षक उंची वाढवण्यात पटाईत, काही अगदीच ढ. आणि या दोघांतला फरक गणितात किंवा वाचनात दिसतो त्याच्या जवळपास तेवढाच.

मग हे सूत्र मोजत होतं तरी काय?

नुसत्या निकालावरून शिक्षकाला जोखणं अन्यायाचं आहे. एखाद्या वर्गात घरी अभ्यास घेणारं माणूस असलेली मुलं जास्त, एखाद्यात कमी. म्हणून मुलाच्या आधीच्या वर्षांच्या गुणांवरून यंदा त्याला किती पडावेत याचा अंदाज बांधायचा. प्रत्यक्षात त्याहून जास्त किंवा कमी जे पडतील, त्याची वर्गभराची सरासरी शिक्षकाच्या खात्यावर टाकायची. याला मूल्यवर्धन पद्धत म्हणतात. कल्पना हुशारीची आहे, यात शंका नाही.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९९२ च्या कायद्याने ती रुजली. तिचे जनक विल्यम सँडर्स हे मुळात पशुविज्ञान आणि अनुवंशशास्त्राच्या वाटेने आलेले संख्याशास्त्रज्ञ. दुभत्या जनावरांच्या पैदाशीसाठी वळू निवडताना त्याचं स्वतःचं दूध तर मोजता येत नाही. त्याच्या लेकींचं मोजतात आणि गोठा, चारा, हवामान यांचा वाटा गणिताने वजा करतात. त्याच जातीचं गणित सँडर्स यांनी शाळेत आणलं. पण कृत्रिम रेतनामुळे एका वळूच्या लेकी शेकड्यांनी असतात आणि अनेक गोठ्यांत विखुरलेल्या असतात. बाईंच्या वाट्याला वर्षाला पंचवीसेक मुलं, तीही एकाच खोलीतली. दोघं तापाने फणफणत पेपरला बसली, चार उंच मुलं योगायोगाने एका तुकडीत आली, की सरासरी हलते. उंचीच्या अभ्यासातही मुख्यतः हाच योगायोग शिक्षकाच्या नावावर चढला होता. मुलं काही चिठ्ठ्या टाकून वाटत नाहीत, हा आणखी एक घोळ. दंगेखोर पोरं कुणाच्या वर्गात टाकायची, हे मुख्याध्यापकांना बरोबर ठाऊक असतं.

सगळंच खोटं आहे, असं मात्र नाही. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी सुमारे २५ लाख मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. या पद्धतीत वर असलेल्या शिक्षकांची मुलं पुढे कॉलेजात जास्त गेली, कमाईही थोडी जास्त करू लागली. हजारो वर्ग एकत्र घेतले की गोंगाटातून सूर ऐकू येतो. मला खटकतं ते हे, की तोच आकडा एका वर्षाच्या एका बाईंच्या कपाळी चिकटवला जातो. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली सुमारे १८,००० शिक्षकांचे क्रमांक नावानिशी जाहीर झाले. १०० पायऱ्यांच्या त्या उतरंडीत शिक्षकाची खरी जागा गणितात सरासरी ३५ आणि इंग्रजीत ५३ पायऱ्यांच्या पट्ट्यात कुठेही असू शकत होती. म्हणजे मधल्या पायरीवरच्या शिक्षकाला सरासरीहून वरचा म्हणा की खालचा, आकड्याची हरकत नव्हती.

ह्यूस्टनमध्ये प्रकरण कोर्टात गेलं. तिथे या आकड्यांवर नोकऱ्या अवलंबून होत्या, पण सूत्र खासगी कंपनीचं व्यापारी गुपित. शिक्षकाला आपला आकडा पडताळून पाहायची सोयच नाही. शिवाय एकाचा आकडा चुकलाय असं कळलं तरी तो दुरुस्त करता येत नसे, कारण त्यासाठी तिथल्या सगळ्या शाळांचं गणित पुन्हा करावं लागतं आणि मग इतरांचेही आकडे बदलतात. २०१७ च्या निकालात न्यायाधीशांनी या रचनेला पत्त्यांच्या बंगल्याची उपमा दिली. त्याच वर्षी तडजोड झाली: जो आकडा शिक्षकाला तपासता येत नाही, त्यावरून त्याला कामावरून काढायचं नाही.