स्मृतिफलक (पुणे)

एखाद्या जागी काय उभे होते, कोण राहत होते किंवा काय घडले, हे त्याच जागेवर सांगणारी पाटी म्हणजे स्मृतिफलक. पुण्यात तिची गरज पडक्या वास्तूंना आहेच. नव्याने आखून वसवलेल्या वस्त्यांना ती त्याहून अधिक आहे.

या प्रथेचे जुने रूप म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. दगड उभा करणाऱ्या गावाला वीराचे नाव पाठ होते, म्हणून ते कोरायची गरज वाटली नसावी. पिढ्या गेल्या, नावही गेले. गद्धेगळ हा दानाचा दगड मात्र बोलका असतो: दिलेले दान मोडणाऱ्याला त्यावर शाप असतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची निळी पाटी त्याच कुळातली म्हणता येईल. तिच्यामागे 1958 चा कायदा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या 200 मीटरसाठी परवानगी लागते. शनिवारवाड्याशेजारच्या जुन्या वाड्यांची पुनर्बांधणी त्यामुळे अडून राहते. तिथल्या रहिवाशांची ही अडचण खरी आहे.

शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730 ची आणि वास्तुशांत 1732 ची. 1828 च्या आगीत आतला लाकडी डोलारा जळाला. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. दिल्ली दरवाजातून आत गेलेला माणूस आधी गोंधळतो: समोर हिरवळ आणि गुडघाभर उंचीचे दगडी चौथरे. दिवाणखाना कुठला आणि चौक कुठला, हे नुसत्या जोत्यावरून कळत नाही, पाटी वाचून कळते. फलकाचे खरे काम इथे दिसते. जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणे डोळ्यांसमोर अखंड उभे आहे. तिथे पाटी नसती तरी माणूस थबकला असता.

आता आखीव वस्त्यांकडे यावे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. जुने पुणेकर आजही ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ असा काळ मोजतात. पेठांतल्या काही भिंतींवर पाणी कुठवर चढले त्याच्या खुणा होत्या. रंगरंगोटीत आणि नव्या इमारतींत त्या पुसल्या जात आहेत. पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर या वस्त्या उभ्या राहिल्या. सहकारनगर हे नावच सहकारी गृहरचना संस्थांची आठवण आहे, पण तिथल्या मुलांना आपली वस्ती एका पुरातून जन्मली हे कोण सांगणार? महानगरपालिकेने थोर व्यक्तींच्या घरांवर निळे फलक लावले, ते चांगलेच झाले. सर्वस्व गमावून पुन्हा संसार मांडणाऱ्या हजारोंच्या वाट्यालाही एक फलक यायला हवा. हडपसरची मगरपट्टा सिटीही अशीच आखीव वस्ती. तिथल्या शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली आणि कंपनीत भागधारक होऊन ती स्वतः वसवली. मगर आडनावाच्या कुटुंबांची शेती तेवढी नावात राहिली.

जुने आणि नवे एकमेकांना प्रत्यक्ष भेटतात ते कात्रजच्या नळावर. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत जमिनीखालून पाणी आणले गेले. 2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोचे खोदकाम चालू असताना जमिनीखालचा जुना बोगदा उघडा पडला, तेव्हा अनेकांना या योजनेची आठवण झाली. वाटेवर ठरावीक अंतरावर हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून दगडी उच्छ्वास बांधले होते. त्यांतले काही दक्षिण पुण्यात घरांच्या आणि रस्त्यांच्या मध्ये अजून उभे आहेत. घडीव दगडांचा तो बुटका बुरूज बघून कुणी त्याला पडकी विहीर समजतो, कुणी समाधी. त्याच्यावर फक्त तीन गोष्टी लिहिल्या तरी पुरे: ‘उच्छ्वास’, ‘कात्रजचा नळ’, आणि पाणी कोणत्या दिशेने वाहत होते तो बाण.