‘डिस्मल’ : अशुभ दिवसांचा शब्द उदासीचा कसा झाला

अर्थशास्त्रावरील मराठी लेखांतही ‘डिस्मल सायन्स’ हे टोपणनाव अधूनमधून आढळते. उदास, काळवंडलेले, आशेला जागा नसलेले असा ‘डिस्मल’ या इंग्रजी विशेषणाचा आजचा अर्थ आहे. परंतु हा शब्द मुळात मनःस्थितीचा नव्हता, तो दिनदर्शिकेतला होता.

लॅटिनमधील ‘दिएस माली’ म्हणजे वाईट दिवस. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘दिस माल’ झाले आणि नॉर्मन राजवटीनंतरच्या इंग्लंडमध्ये ते नाम म्हणून रुळले. मध्ययुगीन युरोपात दर महिन्याचे दोन, म्हणजे वर्षाचे 24 दिवस अशुभ मानले जात, आणि त्या दिवशी शिरेतून रक्त काढण्याचा उपचार करू नये, नवे काम हाती घेऊ नये, असे संकेत होते. या दिवसांना ‘इजिप्शियन दिवस’ असेही म्हणत. ही समजूत मध्ययुगाहून बरीच जुनी आहे, कारण इ.स. 354 च्या रोमन दिनदर्शिकेत असे दिवस नोंदलेले आहेत आणि ते पाळणाऱ्या ख्रिस्ती लोकांना संत ऑगस्टीनने खडसावलेही होते. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या एका काव्यात या शब्दाची सांगड बायबलमधील इजिप्तवरच्या दहा संकटांशी घातली. फ्रेंचमध्ये ‘दिस’ म्हणजे दहा असाही अर्थ निघत असल्याने तसे वाटणे स्वाभाविक होते, तरी ती व्युत्पत्ती खरी नव्हे.

पुढे ‘डिस्मल’मध्ये ‘दिवस’ आधीच आहे याचा विसर पडला, लोक ‘डिस्मल डेज’ असे म्हणू लागले आणि नाम विशेषण बनले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अशुभाची छटा मागे पडून खिन्नतेची पुढे आली. अमेरिकेत व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलिना यांच्या सीमेवरील विस्तीर्ण दलदलीलाही ‘ग्रेट डिस्मल स्वाम्प’ हे नाव मिळाले. गुलामगिरीतून निसटलेल्या अनेकांनी तिथेच आसरा घेतला होता.

अर्थशास्त्राच्या टोपणनावाची हकिकत मात्र नेहमी चुकीची सांगितली जाते. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, असे सांगणाऱ्या अर्थतज्ज्ञ माल्थसच्या भाकितांना वैतागून ब्रिटिश लेखक टॉमस कार्लाइलने ते दिले, असे म्हणतात. माल्थसविषयीच्या वादाला त्याने 1839 मध्ये हेच विशेषण लावले होते हे खरे. पण ‘डिस्मल सायन्स’ हा शब्दप्रयोग त्याने 1849 मध्ये ‘फ्रेझर्स मॅगझीन’मधील लेखात केला, आणि त्या लेखाचा विषय वेस्ट इंडीजमधील मुक्त झालेले गुलाम हा होता. त्या कृष्णवर्णीयांना सक्तीने कामाला जुंपावे, असे कार्लाइलचे म्हणणे होते. मजुरीचा प्रश्न मागणी-पुरवठ्यावर सोपवून माणसांना त्यांच्या मर्जीवर सोडणारे शास्त्र त्याला म्हणूनच भकास वाटले. हा संदर्भ गाळून ते नाव मिरवणे अन्यायाचे आहे. अर्थतज्ज्ञ व तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1850 च्या जानेवारीत त्याच मासिकात उत्तर लिहून, काही माणसे जन्मतःच इतरांची चाकरी करण्यासाठी असतात हे कार्लाइलचे गृहीतक ठामपणे फेटाळले.