जुन्नर: घाटाच्या तोंडाशी वसलेली पेठ

जुन्नरला जाणारा माणूस बहुतेक वेळा जुन्नर बघतच नाही. सकाळी शिवनेरी चढतो, शिवाईला आणि शिवजन्माच्या वास्तूला हात जोडतो, दुपारी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घेतो आणि परतताना हायवेला मिसळ खाऊन पुणे नाहीतर मुंबई गाठतो. मधलं गाव त्याच्या लेखी गाडी लावायची जागा. खरं तर किल्ल्याला आणि लेण्यांना इथे आणलं ते या गावातल्या बाजाराने, आणि बाजाराला आणलं नाणेघाटाने. म्हणून जुन्नरमध्ये काय बघावं, काय खावं-प्यावं याचा विचार घाटमाथ्यावरून सुरू केलेला बरा.

दोन हजार वर्षांपूर्वी कोकणात सोपारा आणि कल्याण ही मोठी बंदरं होती आणि देशावर पैठण आणि तेर ही मोठी शहरं. मध्ये सह्याद्रीची भिंत. तिच्यातून बैल नेता येईल अशा ज्या मोजक्या वाटा होत्या, त्यांतली एक नाणेघाट. माल घाट चढून आला की पहिला मोठा मुक्काम जुन्नरला. जनावरांना चारा-पाणी, मालाची मोजणी, हातबदल, पुढच्या प्रवासाची जुळवाजुळव, सगळं इथे. सातवाहनांनी ही वाट किती जपली ते घाटातल्या गुहेत दिसतं. राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखात यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा मोजल्या आहेत: दहा हजारांवर गायी, हजार घोडे, कार्षापण नावाच्या नाण्यांच्या राशी. ब्राह्मी अंकांच्या अभ्यासात या लेखाला फार मान आहे, आणि व्यापाराच्या वाटेवरच हे आकडे सापडावेत हे मला तरी साजेसं वाटतं. त्याच गुहेत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा, एवढंच उरलंय.

घाटाच्या वरच्या तोंडाशी दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकायची, असं सगळे सांगतात. पुराव्याच्या बाजूने विचाराल तर त्या रांजणावर काहीच लिहिलेलं नाही. पण घाटाचं नाव, वाटेचं अरुंद तोंड आणि शेजारची राजघराण्याची गुहा बघितली की लोकांनी ही गोष्ट का धरून ठेवली असेल ते समजतं. पावसाळ्यात तो पाण्याने भरतो आणि पर्यटक त्याला टेकून फोटो काढतात.

जुन्नरच्या चहूबाजूंच्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत: लेण्याद्रीला, मानमोडीला, शिवनेरीच्या पोटात, तुळजा डोंगरात. सगळी मिळून दोनशेच्या घरात. तुळजा लेण्यातलं चैत्यगृह गोल आहे, मधल्या स्तूपाभोवती बारा खांब. हे एवढं काम एकट्या राजाच्या पैशातून झालेलं नाही, ते बाजाराच्या पैशातून झालं. जुन्नरचे शिलालेख वाचायला घेतले की एखाद्या जुन्या पेठेची देणगी-पावती पुस्तकं चाळतोय असं वाटतं. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. बुरुडांची आणि कासारांची श्रेणी ठेवी घेत होती. एका शक उपासकाने करंजाच्या झाडांखालची वीस निवर्तनं आणि वडांखालची नऊ निवर्तनं जमीन धर्मकार्याला लावून दिली. नहपान क्षत्रपाच्या अयम नावाच्या अमात्याने मानमोडीला मंडप आणि टाकं कोरवून घेतलं. वर्ष ४६, असंही त्याने नोंदवून ठेवलंय.

मला यातले सगळ्यात आवडतात ते यवनांचे, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीकांचे, लेख. इरिल नावाच्या यवनाने दिलं काय, तर ‘बे पोढियो’, पाण्याची दोन टाकी. चिट नावाच्या यवनाने दिला भोजनमंडप. तिसरा चंद, त्याने लेण्याचं दर्शनी काम करून दिलं. जुन्नरमध्ये काय पाहाल, काय खाल, काय प्याल या प्रश्नाचं उत्तर तीन परदेशी माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वी वाटून घेतलेलं दिसतं. त्याच काळात ग्रीक खलाशांच्या माहितीपुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत द्राक्षाची दारू आहे आणि इटलीच्या दारूला पसंती जास्त असंही त्यात लिहिलंय. त्या दारूच्या देशाकडून आलेल्या माणसाने इथे दान केलं ते पाण्याचं. घाट चढून आलेल्याला पहिल्यांदा काय हवं असतं, हे इरिलला पुरतं कळलं होतं.

टाक्यांचं हे शास्त्र शिवनेरीवर अजून चालू स्थितीत बघायला मिळतं. गंगा आणि जमुना या टाक्यांचं पाणी कातळातून येतं, भर उन्हात वर पोचल्यावर त्याचा गारवा जाणवतो. जवळच अंबरखाना आहे, धान्याचं कोठार. जन्मस्थानाकडे जायच्या घाईत लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. पण किल्ला तग धरतो तो टाकं आणि कोठार यांच्यावर, आणि त्या कोठाराचं पोट खालच्या पेठेने भरलं जायचं.

यानंतरची बरीच शतकं मी ओलांडून जातो. बहमनी काळात, १४६९च्या सुमारास, रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी चौलला उतरला आणि पाली, उमरी करत जुन्नरला आला. बरोबर एक घोडा. इथे घोडे पैदा होत नाहीत, चांगला भाव मिळेल, या हिशेबाने त्याने तो समुद्रापलीकडून आणला होता आणि जुन्नरपर्यंत आणायला शंभर रूबल खर्च आला होता. नेमका पावसाळा लागला. चार महिने दिवसरात्र जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. घाटाजवळचा आषाढ-श्रावण ज्याने काढलाय त्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

निकितिनच्या नोंदी खाण्यापिण्याच्या बाबतीत मोठ्या मजेदार आहेत. लोक याच दिवसांत नांगरतात, गहू, तांदूळ, हरभरा पेरतात, असं तो सांगतो. हरभऱ्याला त्याने फारसी शब्द वापरलाय, नोखुत. घोड्यांना हरभरा चारतात, आणि खिचडी शिजवून, साखर-तूप घालून तीही चारतात. ‘किचिरी’ हा शब्द रशियन भाषेतल्या त्या मजकुरात असा घोड्याच्या तोबऱ्यातून शिरलाय. दारू मोठाल्या नारळांत करतात आणि एक पेय ‘तात्ना’पासून, असंही त्याने टिपलंय. हे आपल्या माडी-ताडीचंच वर्णन, यात मला शंका नाही. व्यापारी सरायांत उतरतात आणि त्यांचा स्वयंपाक तिथल्या बायका करतात, हेही. म्हणजे पाहुण्याला जेवूखाऊ घालणं हा जुन्नरच्या आसपासचा रीतसर धंदा होता.

त्याच्या घोड्याचं पुढे काय झालं? हा मुसलमान नाही हे कळल्यावर खानाने घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार सोन्याची नाणी, नाहीतर घोडाही जाईल आणि हजार नाणीही तूच भरशील. मुदत चार दिवसांची. शेवटी खुरासानच्या एका ओळखीच्या माणसाने शहरात जाऊन खानाकडे रदबदली केली आणि निकितिन घोड्यासकट सुटला. एका घोड्यापायी एवढं रामायण व्हावं, यावरून जुन्नरच्या बाजारात घोड्याचं मोल काय होतं ते ओळखावं.

पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने स्वतंत्र निजामशाही उभी केली ती जुन्नरमधून. अहमदनगर शहर त्यानंतरचं. मलिक अंबरनेही काही काळ राजधानी इथे ठेवली. गावाबाहेर हापूसबाग म्हणून वस्ती आहे. नावावरून आंब्याची आठवण होते, पण मूळ शब्द हबशीबाग असल्याचं सांगतात. तिथला मोठा घुमट सौदागर घुमट म्हणून ओळखला जातो. राजाच्या नावाने नाही, व्यापाऱ्याच्या नावाने. जुन्नरला आलात तर शिवनेरीनंतर तासभर काढून ही इमारत बघा. तिच्या दगडातली नक्षी सकाळच्या तिरप्या उन्हात फार छान उठून दिसते.

१६३० मध्ये शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. थोड्याच वर्षांत हा मुलूख मोगलांकडे गेला. मग १६५७ च्या एप्रिलअखेर राजांनी रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नरचा तट ओलांडला आणि शहर लुटलं: तीन लाख होन रोख, दोनशे घोडे, शिवाय जडजवाहीर आणि कापडचोपड. किल्ला हाती आला नाही, पेठ आली. या लुटीकडे मी त्या काळच्या जुन्नरचं मूल्यमापन म्हणून बघतो. एका रात्रीत एवढं उचलता येत होतं, तर पेठेत एकूण किती असेल?

१६७५ मध्ये जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईहून जुन्नरला आला, मोगल सुभेदाराने बोलावलं म्हणून. येताना त्याला भलत्याच अवघड वाटेने नेलं. परतताना तो नाणेघाटाने उतरला तेव्हा त्याला ही वाट जवळची आणि सोपी वाटली. मात्र उतरताना त्याला खोळंबून राहावं लागलं, कारण समोरून मिठाने लादलेल्या बैलांचा तांडा चढत होता. एकदा चढाला लागलेला तांडा त्या अरुंद वाटेत मागे वळवता येत नाही.

हे मीठ महत्त्वाचं. नागनिकेचे कार्षापण आणि निकितिनचा घोडा झाला तरी घाटाचा रोजचा जीव मीठ, सुकी मासळी, खोबरं वर येणं आणि धान्य, डाळी, गूळ खाली जाणं यावर चालत होता. जुन्नरमध्ये आजही कल्याण पेठ नावाची पेठ आहे. पेठेला त्या बंदराचं नाव का मिळालं असेल ते नाणेघाटाकडे तोंड करून उभं राहिलं की कळतं. पुढच्या काळात जुन्नरी कागदालाही चांगलं नाव होतं. हातकागद करणाऱ्या कागदी मंडळींची इथे वस्ती होती, पण यंत्राच्या कागदापुढे तो धंदा टिकला नाही.

आणि मासवडी. मासा नाही, नुसता आकार. जुन्नर-आंबेगाव पट्ट्याची ही खूण. मसाल्याच्या उकळत्या पाण्यात बेसन हाटून घट्ट पिठलं करायचं, ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर हाताने थापायचं. हात पाण्यात बुडवत थापावं लागतं, नाहीतर चटका बसतो. वर सारण पसरायचं: किसून भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, कांदा, लसूण, कोथिंबीर. मग फडक्याच्याच आधाराने गुंडाळी करून वरून दाबत माशासारखा निमुळता, मध्ये फुगीर आकार द्यायचा आणि वड्या कापायच्या. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. रस्सा वडीवर ओतून घ्या, वडी रस्श्यात बुडवून ठेवू नका, ती फुटते. यातलं बेसन, तीळ, बाजरी देशावरची, खोबरं कोकणातून चढून आलेलं. घाटाचा सगळा व्यवहार एका ताटात बसतो, असं माझं आपलं मत.

हा व्यवहार मोडला तो रस्त्यांनी आणि रुळांनी. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे वर आली. नाणेघाट दोन्हींच्या मध्ये राहून गेला. बैलांचे तांडे आटले, जुन्नर तालुक्याचं गाव झालं. पुढे पुणे-नाशिक रस्ताही नारायणगावावरून गेला, जुन्नरला बगल देऊन. म्हणून आज तालुक्यातला मोठा शेतमाल बाजार बघायचा तर नारायणगावच्या टोमॅटोच्या आवारात किंवा ओतूरच्या कांद्याच्या लिलावात जावं लागतं. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी आल्यावर ऊस आणि द्राक्षं वाढली, आणि १९८० च्या दशकात नारायणगावला फेसाळ वाइनचा कारखानाही निघाला. तो पुढे बंद पडला. इरिलची टाकी अजून पाणी धरतात.

नारायणगावला आणखी एक बाजार भरतो, त्याला तोड नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, कोणत्या फडाला सुपारी द्यायची, कोणत्या रात्रीची, किती पैशाला, यावर चहाचे कप रिकामे होत जातात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव, तमाशापंढरी म्हणतात ते उगीच नाही. पाडव्याच्या आगेमागे इकडे येणार असाल तर एक संध्याकाळ या राहुट्यांसाठी ठेवा.

२०१८ मध्ये सरकारने जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. फलक वाढले, मुक्कामाची सोय वाढली. जुन्या पेठेत मात्र अजून आठवडे बाजाराच्या दिवशी जावं. पश्चिमेकडच्या महादेव कोळी वाड्या-वस्त्यांवरून माणसं येतात. त्यांच्या भागाचं नगदी उत्पन्न म्हणजे बाळहिरडा, झाडावरून कोवळा काढून वाळवलेला, काळा आणि सुरकुतलेला. औषधवाले तो घेतात. एक तुकडा तोंडात टाकून बघा. आधी जीभ आखडेल असा तुरट, आणि त्यावर पाणी प्यायलात की तेच पाणी गोड लागतं.