सूर खाली गेला आणि भांडण झालं

१९७०च्या दशकातली गोष्ट. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांसाठी कॅन्टीन होतं. तिथं वाढायच्या कामावर काही भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्यानं लागल्या. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. मालाची चढउतार करणारे ब्रिटिश कामगार म्हणू लागले, या बायका तुसड्या आहेत, धड बोलत नाहीत. बायकांचं म्हणणं, आम्ही बाहेरच्या म्हणून हे लोक आमच्यावर डूख धरून आहेत. दोन्हीकडून चीड साठत चालली होती. आणि दिवसभरात दोघांमध्ये बोलणं किती व्हायचं म्हणाल, तर एकदोन शब्दांचं.

या प्रकरणात जॉन गंपर्झ या भाषाशास्त्रज्ञानं लक्ष घातलं. वाढतानाचं बोलणं त्यांनी टेप केलं. ताटात मांस वाढलं, की वर ग्रेव्ही हवी का ते विचारायची पद्धत होती. ब्रिटिश वाढपीण ‘ग्रेव्ही?’ म्हणताना सूर वर न्यायची. आपल्याकडच्या बायका तोच शब्द सूर खाली आणत म्हणायच्या, ‘ग्रेव्ही.’ इंग्रजी कानाला पहिलं आपुलकीनं विचारल्यासारखं वाटायचं आणि दुसरं सुनावल्यासारखं: ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या. बायकांनी मात्र त्यांच्या परीनं अगदी रीतसर विचारलेलं असायचं. टेप ऐकवली तेव्हा आधी त्यांना दोन्हींत फरकच जाणवेना. उलगडून सांगितल्यावर मात्र, लोक आपल्याकडं असं का बघतात याचा त्यांना उमज पडला. साहेब लोकांनाही कळलं की हा उद्धटपणा नव्हे, ही त्यांची विचारायची रीत आहे. त्यानंतर कॅन्टीनमधलं वातावरण निवळायला लागलं.

मला या प्रसंगातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं. परक्या माणसानं व्याकरणाची चूक केली तर आपण ती पोटात घालतो. ‘मी उद्या आली होती’ असं कुणी म्हणालं, तर आपण हसून समजून घेतो, कारण ही भाषेची चूक आहे हे आपल्याला लगेच कळतं. पण सूर, आवाजाची पट्टी, उत्तराआधीचा थांबा, नजर देणं-न देणं यांतली तफावत आपल्याला भाषेची वाटतच नाही. या गोष्टी आपण शाळेत शिकलेलो नसतो. आईच्या मांडीवर असल्यापासून त्या अंगात भिनलेल्या असतात. म्हणून त्या चुकल्या की आपण थेट माणसाच्या स्वभावावर जातो. तो घमेंडखोर ठरतो, ती लबाड ठरते.

सांगलीकरांसाठी विशेष बाब म्हणजे हेच गंपर्झ त्याआधी आपल्या कुपवाडला येऊन गेले होते. आज कुपवाड म्हटलं की एमआयडीसी आणि महानगरपालिका डोळ्यांपुढं येते. १९६०च्या दशकात ते तीनेक हजार वस्तीचं गाव होतं. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत दखनी उर्दू, दलित वस्तीत मराठी, दोर वळणाऱ्या कुटुंबांत तेलुगू. शतकानुशतकं ही मंडळी एकाच शिवारात राबत आली, पण घरची भाषा कुणी सोडली नाही. एकमेकांशी व्यवहार चालायचा तो मुख्यतः मराठीत. ती गावातल्या कुठल्याच बलिष्ठ गटाची घरची भाषा नव्हती, त्यामुळं ती मधली भाषा म्हणून सगळ्यांना चालली.

गंपर्झ आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट विल्सन यांनी १९७१मध्ये या गावावर लेख प्रसिद्ध केला आणि कुपवाड जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत जाऊन पोचलं. त्यांनी दाखवलं ते असं, की शब्द ज्याचे त्याच्याकडं राहिले, पण वाक्याची घडण एक होत गेली. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, तर उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. कन्नड वाक्यही याच क्रमानं, याच सांध्यांवर बेतलेलं. दिल्ली-लखनौच्या माणसाला ही उर्दू ऐकून नवल वाटेल, धारवाडच्या माणसाला ही कन्नड. रोज एकमेकांशी बोलावं लागणाऱ्या माणसांनी आपली ओळख शब्दांत जपली आणि समजुतीचा भार घडणीवर टाकला.

पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या भाषाशास्त्रज्ञ सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडचा नव्यानं अभ्यास करून या मांडणीची कसून चिकित्सा केली. ती व्हायलाच हवी होती, कारण जुन्या लेखातलं चित्र फारच एकजिनसी वाटतं. शिवाय त्या गावातला सलोखा समतेवर उभा नव्हता. कुणी कुणाच्या ओट्यापर्यंत यायचं, कुणी नाही, हे जातीनं ठरवलेलं होतं. भाषा जवळ आल्या तरी घरं आपोआप जवळ आली नाहीत.

आता सुरावरून वेळेकडं येऊ. बोलताना एकाचं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, त्यामधली फट किती असते? संभाषणाच्या अभ्यासक तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये जगातल्या दहा भाषांमध्ये हे मोजलं. प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या घरात निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. एखादा शब्द डोक्यात जुळवून तोंडातून काढायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठं संपणार याचा अंदाज घेऊन उत्तर तयार ठेवत असतो. भाषांमध्ये फरकही दिसला. जपानीत ही फट सरासरी ७ मिलिसेकंद, डॅनिशमध्ये ४६९. त्या दहांत मराठी नव्हती.

अर्ध्या सेकंदानं काय बिघडतं, असं वाटेल. पण इंग्रजी, इटालियन आणि जपानी बोलणाऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की विनंतीनंतरचं ‘हो’ जरा लांबलं, की ऐकणाऱ्याला ते नाखुशीनं दिल्यासारखं वाटतं. म्हणजे ज्याच्या घरच्या बोलण्यातच थांबा मोठा असतो, तो झटपट उत्तराची सवय असलेल्यांना चुकार वाटणार. उलट झटपट उत्तर देणारा दुसऱ्याला तोंडाळ वाटणार. आपल्या भागाचं बोलणं मोठ्या आवाजातलं आणि सडेतोड. दोन मित्र ‘आरं लका’ म्हणत चहाच्या टपरीवर गप्पा मारत असले, तरी बाहेरून आलेल्याला हे हातघाईवर आलेत असं वाटतं.

समोरच्याच्या स्वभावावर घसरायची ही खोड जन्मजात म्हणावी, तर मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांचा १९८४चा अभ्यास वेगळं सांगतो. त्यांनी शिकागोतल्या अमेरिकन आणि म्हैसूरमधल्या हिंदू लोकांना ओळखीच्या माणसांच्या बऱ्यावाईट वागण्याची कारणं विचारली. अमेरिकन प्रौढ स्वभावाकडं बोट दाखवायचे. म्हैसूरची मोठी माणसं परिस्थिती, नाती, प्रसंग सांगायची. लहान मुलांमध्ये मात्र हा फरक नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला. ‘त्याच्या घरी काय चाललंय बघा, म्हणून तसं बोलला असंल’ हे आपल्याकडची वडीलधारी माणसं सहज म्हणतात, तो शिकलेलाच गुण आहे. अडचण एवढीच, की परमुलखातल्या माणसाच्या घरी काय चाललंय हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि मग उरतो तो त्याचा स्वभाव.

गैरसमज होतात त्यापेक्षा ते दुरुस्त न होणं जास्त घातक. भाषाशास्त्रज्ञ मार्क डिंगमान्स आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये बारा भाषांतल्या गप्पा तपासल्या. ‘काय म्हणालास?’, ‘कोण?’, ‘म्हणजे उद्या ना?’ अशी विचारणा सरासरी दर १.४ मिनिटांना एकदा होत होती. घरच्या, ओळखीच्या माणसांत ही परिस्थिती! बोलणं सुरळीत चालतं ते या सततच्या डागडुजीवर. आता जिथं समोरचा साहेब आहे, डॉक्टर आहे, मालक आहे आणि भाषा त्याची आहे, तिथं पुन्हा विचारायचं धाडस कोण करणार?

मिरजेच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात हे बघायला मिळतं. बेळगाव, विजापूर भागातून रात्रीच्या गाडीनं आलेली म्हातारी, हातात केसपेपर. सिस्टर गोळ्यांची पाकिटं पुढं करत भराभर सांगतात, “ही सकाळ-संध्याकाळ, ही रात्री झोपताना, ही जेवणाआधी. कळलं का मावशी?” मावशी मान हलवते. ती मान ‘ऐकतेय’ म्हणून हललेली असते. मागं रांग असते, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलेलं असतं. आठ दिवसांनी गोळ्या चुकल्या म्हणून मावशी बोलणी खाते.

यावर वैद्यकात एक उपाय वापरला जातो आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ‘कळलं का?’ असं विचारायचंच नाही. “मावशी, मी नीट सांगितलं का बघू या. घरी गेल्यावर कुठली गोळी कधी घेणार, मला सांगा बरं.” इथं परीक्षा सांगणाऱ्याची होते, ऐकणाऱ्याला खजील व्हावं लागत नाही. भाषाच येत नसेल तर दुभाषा लागणार. पण सोबतच्या नातवाला मध्ये घालून काम उरकण्यात धोका आहे. असे ऐनवेळचे दुभाषे बऱ्याच गोष्टी गाळतात किंवा पदरच्या घालतात, हे अमेरिकेतल्या दवाखान्यांमधल्या अभ्यासांत दिसून आलंय.

खजील होण्याचा मुद्दा भांडणाच्या मुळाशी असतो. संवादाच्या अभ्यासक स्टेला टिंग-टूमी यांनी १९८०च्या दशकात जी मांडणी केली तिचा गाभा असा: वादात माणूस मुद्द्याइतकीच स्वतःची पत सांभाळत असतो. काही समाजांत तो आपली पत राखायला समोरासमोर भिडतो. काही समाजांत दोघांचीही पत राहावी म्हणून वाद टाळतो, गप्प बसतो, तिसऱ्याला मध्ये घालतो. भिडणाऱ्याला गप्प बसणारा आतल्या गाठीचा वाटतो, गप्प बसणाऱ्याला भिडणारा आडदांड.

वाळव्याकडच्या उसाच्या फडात हे दर हंगामात घडू शकतं. शेतकरी बांधावरून ओरडतो, “आरं खालनं तोडा की, बुडख्यातनं!” साखर बुडख्यात जास्त असते, त्याचं म्हणणं रास्त आहे. पण ऊसतोडीला बीडकडून आलेल्या मजूर जोडप्याला टोळीतल्या सगळ्यांदेखत पाणउतारा झाल्यासारखं वाटतं. ते उलट बोलत नाहीत; कोयता मात्र मंदावतो. शेतकऱ्याला वाटतं, मुद्दाम चाललंय. पुढं वाढ्यांवरून, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या चाऱ्यावरून, नाहीतर खुशालीच्या म्हणजे वरकड बक्षिशीच्या पैशांवरून ठिणगी पडते आणि मग जुनं सगळं बाहेर येतं. दोघंही मराठीच बोलतात, त्यामुळं रीत वेगळी असेल अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही. कॅन्टीनमध्ये निदान माणसं परदेशातली आहेत हे दिसत तरी होतं.

अशा वेळी मध्यस्थ लागतो, आणि ती परंपरा आपल्याकडं भक्कम आहे. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आपसांत मिटण्याजोगे दिवाणी, महसुली, फौजदारी तंटे गावातच मिटवण्यासाठी गावोगाव समित्या झाल्या. चार ओळखीची माणसं, दोघांचीही पत सांभाळणारी भाषा, हळूहळू निघणारा तोडगा: टिंग-टूमींच्या मांडणीतली दुसरी रीत ती हीच.

पण समिती गावची, आणि मजूर गावचा नाही. त्याच्या बाजूनं बोलायला येतो तो टोळी आणणारा मुकादम. ज्यानं उचल म्हणजे आगाऊ रक्कम दिलीय आणि जो ती मजुराच्या कामातून फेडून घेणार आहे, तो मध्यस्थ होऊच शकत नाही. त्याचा स्वतःचा हिशेब अडकलेला असतो. ऊसपट्ट्यातल्या गावांनी हंगामापुरते टोळीतलेच एक बाई आणि एक पुरुष समितीच्या बैठकीला बोलवावेत असं मला मनापासून वाटतं. मुकादमाला त्या वेळी बाहेर बसवावं. आणि बैठक चावडीत घेण्यापेक्षा मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर घ्यावी, संध्याकाळी उशिरा, गाड्या भरून झाल्यावर, कारण त्याआधी त्यातला एकही माणूस मोकळा नसतो.